हळदी-कुंकवातली रक्ताची गुठळी

एका संक्रांतीला आमच्या घरी हळदी-कुंकवात रक्ताची गुठळी झाली. जबाबदार मीच.

आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, रक्त कमी झालं होतं. चेहरा पांढराफटक, चार पायऱ्या चढल्या की धाप. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या तुळशीच्या कुंडीत सापडल्या! (तुळस मात्र झकास.)

"सिल्लोडला दिवसदिवस कापूस येचला, तवा कुठं व्हत्या गोळ्या?" हे त्यांचं उत्तर.

माझा जीव वरखाली व्हायचा. सासू असली तरी माणूस लाख मोलाचं! आणि मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. ठरवलं, यांना केशवाहिनी समजावूनच सोडायची!

केशवाहिनी म्हणजे केसाहून बारीक रक्तनळी. तिच्यातून लाल पेशी एकामागे एक जातात. रक्त आजूबाजूच्या पेशींना ऑक्सिजन देतं आणि त्यांचा टाकाऊ कार्बन डायऑक्साइड घेऊन जातं. आमच्या औरंगपुऱ्यातल्या घराच्या बोळातूनही एका वेळी एकच बाई जाते. मग काय! बोळात दोरीवर पातळ साडी टांगली (केशवाहिनीची भिंत पातळच असते). साडीमागे पाटावर आत्याबाई, म्हणजे पोटरीतली पेशी. हळदी-कुंकवाला आलेल्या बाया लाल पेशी. दारातल्या टोपलीतून, म्हणजे फुप्फुसातून, तिळाचा लाडू उचलायचा, साडीखालून आत द्यायचा, आतून कांद्याची सालं घ्यायची आणि मागच्या दारानं बाहेर. लाडू ऑक्सिजन, सालं कार्बन डायऑक्साइड. सोपं!

पहिल्या पाटीलकाकू. लाडू आत गेला. सालं काही बाहेर येईनात.

"आत्या, सालं द्या ना!"

"सवाशिणीच्या हातावर सालं ठिऊ? ती बी संक्रांतीला? लोक तोंडात शेण घालतील!"

"अहो, तो कार्बन डायऑक्साइड आहे!"

"असंना! घ्या काकू, लाडू घ्या."

"अहो, मीच दिलेला परत कसा घेऊ?"

"माझ्या दारातनं रिकाम्या हातानं जायचं नाय!"

"नको हो!"

"घ्या हो!"

एकच ऑक्सिजन साडीखालून आतबाहेर करू लागला. मागं बोळ तुंबला, रक्ताची गुठळीच झाली! शेजारच्या शकीलाभाभी ओरडल्या, "आगे चलो ना बाजी, मेरा लाडू हात में नरम होरा!"

"ढकला!" मी दारातून हुकूम सोडला. "हृदय मागून ढकलतंच!"

ढकललं. दोरी तुटली, साडी काकूंच्या डोक्यावर, सालं सगळ्यांच्या अंबाड्यांत! हसून हसून बायांची पुरेवाट झाली.

पण आग्रहाच्या भरात तरातरा उठलेल्या आत्याबाई एकदम धापा टाकत खाली बसल्या. हसणं जागच्या जागी थांबलं. मी घाबरले, खरंच घाबरले. त्यांना पाणी दिलं, पाठ चोळली. दम जरा बसला, आणि मी पुन्हा सुरू! (माघार घेणं आमच्या रक्तात नाही.)

"आत्या, तुमच्या लाल पेशी दारोदार जातात, पण अंगात लोह नाही, म्हणून त्यांची ताटं अर्धीच भरतात."

"म्हंजे? माझ्या पायाच्या दारात बाया अर्धंच ताट घिऊन येत्यात?"

"रोज!"

"अन् आतले उपाशी?"

"म्हणून तर धाप लागते."

आत्याबाईंनी केसातलं साल काढलं. माझ्याकडे बघितलं.

"मंग हे तोंडानं नाय सांगता येत? कांदे कशाला नासले? आण गोळी."

त्या दिवसापासून एकही गोळी चुकली नाही. उन्हाळ्यात पुन्हा रक्त तपासलं. सोबत म्हणून मीही बोट पुढं केलं. आत्याबाईंचं हिमोग्लोबिन चांगलंच वाढलं होतं. माझं त्यांच्यापेक्षा कमी निघालं!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन माझ्यापुढं उभ्या.

"आत्या, नंतर घेते ना. मला समजतंय की सगळं!"

"समजून रगत वाढतं व्हय? आ कर!"

आणि वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी निमूट आ केला.