फर्रर्ररावांचं नाव

सातपाटीत लोखंड उघड्यावर ठेवलं की गंज चढतो आणि दोन माणसं सावलीला बसली की किस्से. दोन्ही कितीही खरवडा, संपत नाहीत. परदेशात इलेक्ट्रॉनिक्स शिकून मी गावी परत आले आणि आमच्या जुन्या जाळ्यांच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान थाटलं. पाटी लावली, 'फेकू नका, आणा!' लोकांनी मिक्सर आणले, पंखे आणले, आणि प्रत्येक वस्तूबरोबर एकेक गोष्ट फुकट दिली. इथे लाऊडस्पीकरच्या एकाच सेटच्या सांगते. बाकीच्या सांगायला बसले तर दुकान बंद पडेल!

*

दामूकाकांचा व्हॉल्व्हवाला अॅम्प्लिफायर हातगाडीवरून आला, हिराकाकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. एकेकाळी गावातल्या प्रत्येक लग्नाला काकांचाच लाऊडस्पीकर असायचा.

"पोरी, आवाज कमी हाय. नि फाटतो," काका म्हणाले.

मी बटण दाबलं. काहीच नाही. बघायला जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "गेला!"

"थांब रे, तापू दे!" काका त्याच्यावर डाफरले.

काचेच्या व्हॉल्व्हमध्ये, आमच्याकडे त्यांना 'वॉल' म्हणतात, हळूहळू नारिंगी उजेड धरला. मग कर्ण्यातून खरखर आली.

"जुनी माणसं हायत," काका म्हणाले. "हाक मारली की आधी खोकतात, मग ओ देतात!"

*

तिकडे परदेशात आमच्या कॉलेजात एक शांत खोली होती. भिंती अशा, की बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला परत फिरत नाही. प्रोफेसर प्रत्येकाला एकेकटं आत बसवायचे आणि विचारायचे, "काय ऐकू आलं?" कुणी म्हणालं हृदयाचे ठोके, कुणी म्हणालं श्वास.

मी म्हटलं, "लग्न."

प्रोफेसरांना वाटलं, माझं ठरलंय. त्यांनी अभिनंदन केलं! त्यांना काय सांगणार? मला दामूकाकांचा कर्णा ऐकू आला होता, फाटका, वाऱ्यावर पुढेमागे होणारा. त्या खोलीतून मी परत आले ती मनाने इथेच. अंग आणायला पुढे काही वर्षं लागली.

*

आता काकांना सगळं गाव फर्रर्रराव का म्हणतं, ते ऐका.

स्वतःच्या लग्नाला काकांनी स्वतःचाच सेट लावला होता. नवरदेव बाशिंग बांधून वायरी जोडत होता! नाव घ्यायची वेळ आली. हिराकाकूंच्या हातात माईक दिला. काकूंनी घेतलं:

"सातपाटीच्या खाडीत होड्यांची रांग,
दामोदररावांचं नाव घेते, कर्ण्या गावाला सांग!"

कर्ण्याने गावाला सांगितलं, "फर्रर्ररावांचं नाव घेते!"

झालं! नातवंडं झाली तरी बंदरावर हाक तीच. "ओ फर्रर्रराव, बोट लागली काय?"

काका हसतात. काकू हसत नाहीत. एकदा सेटवरची धूळ पुसता पुसता मला म्हणाल्या, "बाय, घरात 'अवो'शिवाय दुसरी हाक नाय मारली मी. नाव घेतलं ते एकदाच, ते पण या मेल्या कर्ण्याने गिळलं. आता याच्याकडूनच वदवून घ्यायचं हाय. यांच्या कानावर पडलं पायजे. तेवढ्यासाठी दुरुस्त कर."

*

सेट उघडला आणि खोलीभर सुक्या मासळीचा वास सुटला. वॉलच्या बुडाशी जवळ्याच्या मिशा!

"काकू, हे आत कसं?"

"पावसात सुकट सादळते ना," काकू शांतपणे म्हणाल्या. "ह्यो चालू केला की वर मस्त ऊब येते. टोपली वर ठेवायची."

म्हणजे प्रत्येक पावसाळ्यात, रोज, गाणं नाही, भाषण नाही, नुसता सेट तापतोय!

"माझे वॉल म्हातारे केलेस तू!" काका ओरडले.

"सुकट खाताना नाय बोललात तुमी!"

वॉल दमले की आवाज खाली जातो. पिनांवर खारी हवा बसली की खरखरतो. दोन्ही झालं होतं. सुकट मात्र उत्तम राहिली होती.

*

वॉल शोधायला बोईसरला गेले. एका दुकानात विचारलं, "भैया, पुराना वॉल्व मिलेगा?"

"मिलेगा ना मैडम! पानी का, गैस का, कि एसिड का?"

म्हटलं, "काँच का."

तो आतल्या मित्राला म्हणाला, "सुन रे, मैडम काँच की पाइपलाइन डाल रही है!"

शेवटी बेटेगावात एका म्हाताऱ्या मंडपवाल्याकडे तसेच वॉल निघाले, न वापरलेले, कागदात गुंडाळलेले. तो देईना. मी कशासाठी हवेत ते सांगितलं, काकूंच्या उखाण्यासकट. त्याने वॉल माझ्या ओंजळीत ठेवले.

"वाजला की फोन लाव," तो म्हणाला. "बोलू नको. नुसता कर्ण्यासमोर धर."

*

नव्या वॉलने आवाज वाढला, पण फाटणं जाईना. शेवटी चोर सापडला. एक कपॅसिटर गळका झाला होता. जिथून फक्त आवाजाने पुढे जायचं, तिथून वीजही झिरपत होती. तो बदलला, काकांच्या अंगणात सेट मांडला, तापू दिला आणि माईकवर "हॅलो" म्हटलं.

माडावरचे कावळे उडाले. खाडीपलीकडच्या मुरब्यातून मावशीचा फोन आला, "काय गो, लगीन कुणाचं?"

काका कर्ण्याखालीच बसले होते. म्हणाले, "कमी हाय."

मी वाढवला.

"फाटतो."

मी सगळं पुन्हा तपासलं. सेट निर्दोष होता. काकू सुपात जवळा पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सेट बरा झाला, बाय. आता यांचे वॉल बदल!"

सगळे हसले. मला हसू येईना. हल्ली लोक काकांना हाक मारत आणि ते भलतीकडे बघत, हे आत्ता ध्यानात आलं. "डॉक्टरला कान दाखवू या," म्हटलं, तर काका उखडले.

"माझे कान बरे हायत! जग हळू बोलतंय!"

सेट वेळेत झाला होता. पण काकांच्या कानांना उशीर झाला होता का?

*

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी ठेवणीतलं लुगडं काढलं. शेजारणी जमल्या. काकांना कर्ण्याखाली खुर्ची दिली. मी बेटेगावला फोन लावला आणि कर्ण्यासमोर धरला. सेट तापू दिला.

काकूंनी डोळे मिटून नाव घेतलं. अक्षर न् अक्षर! दामोदरराव! बंदरावरून कुणीतरी ओरडलं, "ओ दामोदरराऽव!"

काकांनी कानामागे हात धरला. "नाय ऐकू आला. परत घे."

काकूंनी परत घेतलं, जोरात.

"मधेच फाटला. परत."

तिसऱ्या वेळी काकूंचाच आवाज फाटला. काका समुद्राकडे बघत होते.

"अजून एकदा."

मला बघवेना. मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. शेजारणीच्या कानात पुटपुटले, "काकांना चहा देऊ या का?"

काका मागे न वळता म्हणाले, "साखर कमी घाल."