क्रियापदाची जागा

इंग्रजी वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी आठ दिवस मी चुकत राहिलो, आणि त्यापायी माझी शाळा कायमची सुटायची वेळ आली. पुढे मी स्वतः जन्मभर इंग्रजी शिकवलं. पोरं शब्दांची खिचडी करायची, मी ओरडायचो. माझा स्वभावच तसा. पण एखादं पोर उत्तर येत असूनही गप्प उभं आहे असं वाटलं, की माझा आवाज खाली यायचा. त्याचं कारण हे.

आमचं गाव पासली. वडील लवकर गेले. आई पाटलांची भातखाचरं वाट्यानं करायची. पाटलांनी आपल्या मुलाला भोरला इंग्रजी शाळेत घातलं, तेव्हा सोबतीला मलाही धाडलं. दोघांना मिळून एक खोली होती. भाकरी मी थापायची, पाणी मी भरायचं, आणि मग त्याच्या शेजारी वर्गात बसायचं. मला फी माफ होती, पण मास्तरांचं माझ्याबद्दल बरं मत होतं तोवरच. निघताना आईनं एवढंच बजावलं, "धाकल्या पाटलांच्या म्होरं पाऊल टाकायचं न्हाई." हे सांगायची खरं तर गरज नव्हती. पायवाट असो की पंगत, पाटलाचं पोर पुढं आणि आम्ही मागं, हे आम्हाला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं.

आमचे मास्तर तापट होते, पण शिकवायची त्यांची तऱ्हा मोठी गमतीची. एकेका पाटीवर एकेक शब्द लिहायचे, पाट्या सुतळीनं आमच्या गळ्यात अडकवायचे आणि आम्हाला एकामागं एक उभं करायचे. पाटी तेवढी वर्गाकडं वळवायची. ओळ बरोबर लागली की सगळ्यांनी ती मोठ्यानं वाचायची.

त्या दिवशी 'फार्मर' झाला किकवीचा एक गलेलठ्ठ मुलगा. 'बुलॉक'ची पाटी आली धाकल्या पाटलांच्या गळ्यात. पाटलाच्या पोराचा बैल झालेला बघून वर्ग खिदळला. मला मात्र घाम फुटला, कारण माझ्या गळ्यात होतं 'ड्राइव्ह्ज'.

मराठीत काही अडचण नव्हती. शेतकरी बैल हाकतो. हाकणारा शब्द सगळ्यांच्या मागं, माझ्या नेहमीच्या जागेवर. इंग्रजीत मला मधे शिरायचं होतं, म्हणजे धाकल्या पाटलांकडं पाठ करून त्यांच्या पुढं उभं राहायचं होतं. पाय उचलेना. मी जाऊन त्यांच्या मागं उभा राहिलो.

मास्तरांनी पुन्हा समजावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आम्हा तिघांनाच उभं केलं. मी पुन्हा मागं. मास्तर हट्टाला पेटले, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरली. खरं कारण भर वर्गात सांगायचं, ते पाटलांच्या कानावर जायचं आणि आईच्या खाचरांवर गदा यायची, असं माझं तेव्हाचं गणित होतं.

आठव्या दिवशी मास्तरांनी हातातला खडू टेबलावर टाकला. "पालथ्या घड्यावर पाणी! उद्या हेडमास्तरांना सांगून याची माफी बंद करतो. जा बाबा, गुरं राख."

मी पाटी काढायला लागलो. सुतळीची गाठ सुटत नव्हती.

"गुरुजी," माझ्या पुढून आवाज आला, "त्याला येतंय."

"तुला रे काय ठाऊक?"

"माझी वही रोज त्योच लिवतो." धाकले पाटील मान खाली घालून बोलत होते. "मला काय बी येत न्हाई. माझ्यामुळं त्यो मागं उभा ऱ्हातोय. घरी त्याला तसंच शिकवलंय."

मास्तरांनी वहीबद्दल धाकल्या पाटलांच्या हातांवर पाच छड्या मारल्या आणि मला म्हणाले, "जा, आपल्या जागेवर उभा राहा."

तरीही मी हललो नाही. तेव्हा धाकले पाटील लाल झालेले हात पाटीमागं लपवत स्वतःच दोन पावलं मागं सरले आणि माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. वर्गानं वाक्य वाचलं. माझी फीची माफी टिकली. त्या संध्याकाळी त्यांना भाकरी मोडता येईना, म्हणून मी कुस्करून दिली. ते म्हणाले, "उद्यापासनं माझी वही म्या लिवनार. तू निस्ता तपास."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरी निघालो. मुक्काम करत डोंगरांतली वाट तुडवायची. सवयीनं मी मागं होतो. गाव दिसायला लागल्यावर ते एकदम दगडावर बसले आणि तळपाय न्याहाळू लागले. "काटा रुतलाय. तू हो म्होरं."

मी वाकून बघितलं. काटा नव्हता. 

"बगत काय बसलास? जा की."

मी गेलो. आई पाटलांच्या खाचरात भात कापत होती. मला एकट्यालाच पुढून येताना बघून ती घाबरली, विळा हातात तसाच धरून बांधावर आली. "धाकलं पाटील कुठं हायत?"

आज ते नाहीत. त्यांचे उपकार मानायचे राहून गेले. त्यांनीही कधी मानू दिले नसते. पण आयुष्यात मला जिथं जिथं पुढं उभं राहावं लागलं, तिथं आईला त्या दिवशी दिलेलं उत्तरच मनात येत राहिलं.

"मागं हायत," मी म्हणालो.