दाजींचा बोगदा

जगातली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे अडकलेली आहे आणि ती सोडवायला देवाने फक्त आपल्यालाच धाडलं आहे, अशी माझ्या थोरल्या आक्काच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या दाजींची पक्की समजूत आहे. उचगावच्या एका लग्नात पंगत रेंगाळली तेव्हा सगळे आचाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होते. दाजी मात्र घड्याळ लावून मांडवाच्या दारात उभे. "वाढपी आठ हायत, पण आत यायची वाट एकच हाय," असं जाहीर करून त्यांनी मागची कनात सोडली, आणि जिलेबी अशी धावत आली की नको म्हणायलाही कुणाला उसंत मिळेना. दुसरा त्यांचा नेम, एका वेळी एकच बदल. आमटी खारट झाली म्हणून आक्काने पाणी आणि बटाटा एकदम घातला, तर हे दोन दिवस हळहळत होते. "आता कळणार कसं, कशानं बरी झाली ती?" आक्का म्हणाली, "अवो, जेवा की गप."

अशा माणसाकडे उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीचं नेटवर्क होतं. मी तिथेच ड्रॉइंग विभागात. आमचा एक आभासी संगणक, म्हणजे सर्व्हरच्या पोटात नुसता प्रोग्राम होऊन नांदणारा, आणि सांबऱ्याच्या युनिटमधला तसाच दुसरा, यांच्यामध्ये दाजींनी टनेल, म्हणजे इंटरनेटच्या गर्दीतून फक्त या दोघांपुरती खासगी वाट, घातला होता. त्याला ते कौतुकाने 'माझा बोगदा' म्हणत. पण सकाळी त्यातून पाठवलेलं ड्रॉइंग दुपारच्या चहालाही पोचेना. मालकांनी सांगून टाकलं, शनिवारपर्यंत जमलं नाही तर काम पुण्याच्या कंपनीकडे. म्हणजे दाजींची नोकरी गेली आणि आक्काने बेळगाव सोडलंच. आक्का गेली तर मला या गावात दुसरं कोण होतं? मी घाबरलो होतो. दाजी मात्र लग्नघरातल्यासारखे खुशीत. रोज एक वायर बदलायची, बघायचं, पुन्हा होती तशी लावायची.

शुक्रवारी त्यांच्या ध्यानात आलं की बारके निरोप झटकन जातात, मोठी ड्रॉइंगंच अडतात. दाजींचे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत होते. "पावसात बोदाला, तंबाखूच्या गठ्ठ्याला, वरनं आणखी एक गोणपाट शिवायचे," ते मला म्हणाले, "मग ते दारातनं जायचं न्हाय. दारातच फोडून दोन करायचे, त्यातच दिस जायचा. टनेल बी तेच करतोय रं. ड्रॉइंगचे तुकडे ज्या पाकिटांतनं जात्यात, त्या परत्येकाला वरनं आणखी एक पाकीट घालतोय. आणि आतलं बारीक करायचं मीच इसरलो."

"मालकांना वायर खराब होती म्हणून सांगा," मी हळूच सुचवलं.

"मग ते जल्मभर वायर बदलत बसतील," दाजी म्हणाले. शनिवारी मालक आणि पुण्याची माणसं दोघंही फोनवर असताना त्यांनी "चूक माझी हाय, लई मजेशीर हाय," असं सांगून आतल्या पाकिटाचं माप तेवढं कमी केलं. माझा चहा संपायच्या आत सांबऱ्याहून निरोप आला, ड्रॉइंग पोचलं म्हणून. काम आमच्याकडेच राहिलं. मी आक्काकडे जाऊन तीन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण स्वतःची चूक इतक्या आनंदाने सांगणारा माणूस पुण्याच्या कंपनीला फारच आवडला. महिन्याभरात त्यांनी दाजींना बोलावून घेतलं.

आता रविवारी आक्काशी व्हिडिओवर बोलतो. चेहरा स्वच्छ दिसतो, आवाज कुठे अडत नाही. पूर्वी दारात गेलो की ती "जेवलास का रं?" म्हणायची आणि उत्तराआधीच ताट मांडायची. अजूनही ती विचारते. मी व्हय म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर खानावळीचा डबा उघडतो.