लेकरं आत, आमी बाहेर

बुधवार आला की आमची बैठक भरते. हिंगोलीच्या एका शाळेत अपंग लेकरांसाठी वेगळी खोली आहे, तिला रिसोर्स रूम म्हणतात. लेकरं आत वैशाली मॅडमजवळ शिकतात अन् त्यांना घेऊन आलेले आमी बाहेर वऱ्हांड्यात बसतो. बसून बसून माणूस काय करणार? एकानं आपली फजिती सांगितली की दुसऱ्याला स्वतःची आठवते. शेंगांच्या टरफलासारखा ढीग होतो नुसता! हसतो आमी पोटभर, पण जीपीत बसून घरी जाताना कुणी कुणाकडं बघत न्हाई.

शांताबाई तांड्यावरची. तिचा गोविंद ऐकायला कमी. त्याला कानाचं मशीन मिळालं, चांगलं महागाचं. महिनाभरानं मॅडमनं विचारलं, "शांताबाई, गोविंद मशीन लावतो ना?"

"व्हय तर! लग्नाला लावतो, पोळ्याला लावतो, बुधवारी शाळेत लावतो. मंग पुसून पेटीत ठेवते, लुगड्याच्या घडीत. नवी वस्तू हाय बाई!"

"अहो, अन् घरी?"

शांताबाईला नवल वाटलं. "घरी काहून? घरी तर आमीच असतो की!"

गोविंद आईकडं बघून राहिला होता. त्या दिवशी मशीन कानात होतं ना!

रहीमभाई टेलर. त्यांच्या नसरीनला नजर कमी, म्हणून पुस्तकावर ठेवायचं मोठं भिंग मिळालं. चार बुधवार झाले, नसरीन भिंगाशिवायच येऊ लागली. मॅडमनं विचारलं तर पोरगी बापाकडं बघे अन् बाप छताकडं.

शेवटी नसरीनच म्हणाली, "अब्बा, तुमकू सुई नै दिखती, मेरेकू किताब नै दिखती. पण किताब का इम्तिहान हय, सुई का नै!"

रहीमभाईनं खिशातून भिंग काढून टेबलावर ठेवलं. त्याला दोऱ्याचा तुकडा चिकटला होता, तो काढायचं भान त्यांना राहिलं न्हाई.

आता मी. माझी नात राधा, नऊ वर्षांची. हातपाय कडक, मान डुलते, समजतं सगळं, पण तोंडातून शब्द फुटत न्हाई. आई-बाप रानात जातात, म्हणून शिरड शहापूरच्या बाजूनं तिला मी घेऊन येतो.

तिला चाकाची खुर्ची मिळाली. एवढी देखणी, की गादीवरचा प्लास्टिकचा कागद मी काढूच दिला न्हाई. मंग हळद शिजायचे दिवस आले. पोराला सुचलं, कढईपासून वाळवणापर्यंत टोपली न्यायला ही गाडी झकास! शेजारीही मागून नेऊ लागले.

मॅडमनं विचारलं, "नाना, खुर्ची वापरता ना?"

मी छाती फुगवून म्हणालो, "लई वापरात हाय मॅडम! एक मिनिट रिकामी राहत न्हाई!"

तेव्हा राधा माझ्या पाठुंगळी होती.

इथं दर लेकराचा आराखडा करतात. म्हणजे लेकरानं तीन महिन्यांत काय शिकायचं, ते मॅडम अन् आमी बसून ठरवतो. पहिल्या खेपेला मी म्हणालो, "तिला कशाला शिकवता? मी हाय ना करायला."

मॅडम म्हणाल्या, "नाना, पाणी तरी तिचं तिला पिऊ द्या."

दोन कानांचा पेला दिला, घरी सराव करा म्हणाल्या. मी रोज केला, एक दिवस चुकवला न्हाई. तीन महिन्यांनी मॅडमनं पेला राधापुढं ठेवला. राधानं माझ्याकडं तोंड वळवलं अन् आ केला!

दारातून शांताबाई म्हणाली, "आराखडा नानाचाच काढा मॅडम, हातात पेला धरून तेच पक्के झाले!"

सगळे हसले. मीही हसलो. काय करता?

जीपीतली गोष्ट मी वऱ्हांड्यात सांगितली न्हाई, इथं सांगतो. एका पाव्हण्यानं राधाला विचारलं, "काय नाव गं बाळ तुझं?" बाकीच्यांनी माना वळवून तिच्याकडं बघू नये, असं मला वाटलं. मी घाईनं म्हणालो, "झोपली हाय ती."

राधा टक्क डोळे उघडे ठेवून त्याच्याकडं बघत होती.

मंग बोलणारी पाटी आली. टॅबलेट म्हणतात. चित्रावर बोट ठेवलं की आतली बाई बोलते, "मला भूक लागली आहे." आमच्या म्हातारीनं चुलीपुढून विचारलं, "कोण पुण्याची बाई आली वो? इतक्या मानानं जेवायला मागून राहिली!"

पण राधाचं बोट चित्रापर्यंत जायला लई वेळ लागतो. थरथरतं, भलतीकडं जातं, परत येतं. अख्खं गाव मला सबुरीचा माणूस म्हणतं. वासरू आडलं तर मला बोलावतात. पण त्या बोटापुरती सबुरी माझ्याजवळ नव्हती. बोट निघालं की मी बोललोच, "पाणी पायजे तिला." "थकली ती." मॅडम म्हणायच्या, "नाना, राधाला विचारलंय."

मागच्या बुधवारी नवा आराखडा होता. चपला दाराशी काढून मी राधाजवळ बसलो. मॅडम म्हणाल्या, "राधा, या वेळी तूच सांग. तुला काय पायजे?"

मी म्हणालो, "तिला चित्रांची लई हौस..."

"नाना!"

मी दोन्ही हात मांडीखाली दाबले. बोट निघालं. पोचायला लई वेळ लागला.

"नाना," पाटी बोलली.

मी मांडीखालून हात काढले. "बघा मॅडम! माझंच नाव घेतलं लेकरानं!"

बोट परत निघालं. "बाहेर."

"व्हय माय, जाऊ की बाहेर! फिरायला जायचं म्हणते, मॅडम." मी उठलो अन् तिला पाठुंगळी घ्यायला वाकलो. राधानं मान हलवली. जोरात हलवली. बोट परत चित्रावर.

"नाना. बाहेर."

मंग दमून थांबली. घाम आला होता तिला. पुन्हा निघाली.

"राधा. शाळा."

मॅडम खाली बघत होत्या. मी चपला हातात घेतल्या अन् दार ओढून वऱ्हांड्यात आलो.

रहीमभाईनं सरकून जागा दिली. "क्या नाना, इतक्या लवकर संपली मीटिंग?"

"न्हाई," मी म्हणालो, "आता सुरू झाली."