चौशिंग्याची पुढची शिंगं

संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी काढलेला चौशिंग्याचा फोटो मी आमच्या प्राणीप्रेमींच्या ग्रुपवर टाकला. एका निवृत्त गुरुजींनी खाली लिहिलं, ‘हे भेकर आहे. भाजीवाल्यानं भाजी ओळखावी.’

हातगाडीवर कांदे विकून मी दुकान उभं केलं. कॅमेराही माझा मीच शिकलो. ते वाक्य वाचून डोकं असं फिरलं की त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं न घेताच परत गेली. भेकर हरीण आहे, त्याची शिंगं गळतात. चौशिंगा दिसतो हरणासारखा, पण त्याची शिंगं जन्मभर राहतात, आणि नराला चार असतात. पण पुढची जोडी डोळ्यांच्या जरा वर, बोटाच्या पेराएवढी, केसांत बुडालेली. माझा फोटो बाजूनं काढलेला; त्यात मागचीच दोन दिसत होती. आता मला समोरून फोटो पाहिजे होता.

तीन रविवार रान तुडवलं. चौथ्या रविवारी एका म्हाताऱ्या शेळीवाल्याला चौशिंग्याचं विचारलं, तो हसला.

“काऊन भटकून राह्यला भाऊ? त्याची बसाची जागा दाखवतो. रोज तिथंच लेंड्या टाकते तो. पण पह्यले माह्या बोकडाचे चार फोटो काढ.”

“एक काढतो, मामा.”

“मंग तू शोध बे!”

शेवटी दोन फोटोंवर जमलं. बोकड काही केल्या उभा राहीना, मी दातओठ खात राहिलो.

मामांनी दाखवलेल्या नाल्याकाठी लेंड्यांचा ढीग होता. वरच्या ताज्या, ओल्या. वारा तोंडावर घेऊन मी धावड्याच्या झुडपामागे पालथा पडलो. ऊन जरा चढलं आणि तो आला! झटके देत चालणारा, तांबूस-भुऱ्या रंगाचा, पुढच्या पायांवर काळी रेघ. कॅमेरा हलू नये म्हणून कोपरं मातीत रोवली. त्यानं मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. दोन लांब, दोन ठेंगणी. चार! मी बटण दाबतच राहिलो. तो उडी मारून गेला आणि मी एकटाच रानात ओरडलो.

तसाच मातीनं भरलेला गुरुजींच्या दारात गेलो. त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा केला.

“मागची दोन... आणि ही... अरे बापरे! पन्नास वर्षं नुसतं वाचलंय मी याच्याबद्दल. चल, मला जागा दाखव!”

“पह्यले ग्रुपवर लिहा.”

“आल्यावर लिहितो ना.”

“आत्ता. नाही तर राहू द्या.”

त्यांनी रागानं फोन काढला. मग एका बोटानं टाइप करू लागले. माझा फोन वाजला: ‘चौशिंगाच आहे. चूक माझी. भाजीवाल्याची नाही.’

मी ते दोनदा वाचलं. तोवर गुरुजी चपला घालून माझ्या मोटरसायकलवर मागे बसलेही होते.