काकूंच्या तळघरातली काडतुसं

हॅनोव्हरच्या बाहेर आम्ही राहतो त्या गावात मुलीचा हँडबॉलचा हॉल आणि नेमबाजीचा क्लब एकाच इमारतीत आहेत. वर हॉल, खाली रेंज. मुलीला सोडून मी कॉरिडॉरमधल्या बाकावर लॅपटॉप उघडून बसायचे. एका शनिवारी खालून एक उंच, सडपातळ बाई वर आल्या. पांढरे केस कापलेले, गोळ्यांचा आवाज अडवणारे कानावरचे मफ गळ्यात अडकवलेले. त्यांनी माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इथे बसून काम करतेस? खाली ये. निदान डोकं तरी मोकळं होईल."

कॉलेजात असताना एनसीसीत मी रायफल चालवली होती, त्यामुळे फार आढेवेढे घेतले नाहीत. पहिल्या दिवशी क्लबच्या पिस्तुलातून मारलेल्या बहुतेक गोळ्या कागदाच्या कडेला लागल्या. पण घरी परतताना मला ऑफिसातलं काहीही आठवत नव्हतं, हे खरं.

बाई निवृत्त फार्मासिस्ट होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बर्लिनला. क्लबात सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात, म्हणजे अरे-तुरे. मीही तोंडाने त्यांना 'डू' म्हणायचे, पण मनातल्या मनात 'अहो काकू'च. घरी तर त्यांचं नावच काकू पडलं. मुलगी विचारायची, "वार काकू हॉयटे दा?" काकू आज होत्या का, असं. मराठी तिला सगळं कळतं, बोलताना मात्र जर्मनच, आणि त्यात हा एक मराठी शब्द.

पुढे नियमित हजेरी, परीक्षा आणि चौकशा असं सगळं पार पडून मला स्वतःचं पिस्तूल ठेवायचा परवाना मिळाला. नवरा म्हणाला, "आपल्या घरात पहिली तिजोरी आली ती दागिन्यांसाठी नाही, पिस्तुलासाठी. आईला सांगू नकोस." मी अर्थातच सांगितलं. सासूबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "लायटर पेटवायला घाबरणारी तू!"

काकू दुकानातली काडतुसं वापरत नसत. स्वतःची स्वतः भरत. त्यासाठी वेगळा परवाना लागतो, तो त्यांच्याकडे कित्येक वर्षांपासून होता. तळघरातल्या एका खोलीत टेबलाला घट्ट बसवलेलं, लांब दांड्याचं प्रेस होतं, शेजारी फार्मसीतून आणलेला जुना तराजू. रेंजवर पडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, प्रेसमध्ये दाबून मूळ मापाला आणायच्या, मग खाली ठिणगी देणारी इवलीशी टोपी, आत दारू, वर गोळी. माझ्याकडे तो परवाना नव्हता, म्हणून दारूला आणि टोप्यांना मी हात लावायचा नाही, असा त्यांचा कडक नियम होता. मी पुंगळ्या धुवायचे, तडा गेलेली दिसली तर बाजूला काढायचे आणि कॉफी करायचे. मला ते काम आवडायचं. एका आवाजात, एका मापात काहीतरी होत जातं आणि कोणी मीटिंग बोलावत नाही.

एकदा आईचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "कुठे आहेस?" तिने विचारलं. "तळघरात. काकू दारू भरतायत, माझ्या हातात बाटली आहे," मी म्हणाले. बाटली पुंगळ्या धुण्याच्या साबणाची होती. मग आईने विचारलं, "जावईबापूंना माहीत आहे का?" हे मी काकूंना जर्मनमध्ये समजावून सांगितलं, तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

गेल्या वसंतात एका शनिवारी सकाळी रेंजवर देखरेखीची पाळी माझी होती. पाळीवरच्या माणसाने स्वतः नेम धरायचा नाही, इतरांवर लक्ष ठेवायचं, काही चुकीचं दिसलं तर थांबवायचं. काकू डावीकडच्या जागेवर उभ्या होत्या. त्यांचा नेहमीचा ताल मला ओळखीचा होता. एक बार, श्वास, दुसरा बार. मधेच एक बार झालाच नाही. नुसतं 'फुस्' झालं, टायरमधून हवा जावी तसं. पिस्तूल मागे सरकलं नाही, पुंगळी बाहेर उडाली नाही. काकूंनी सवयीने वरचा भाग मागे खेचला, ती पुंगळी काढली, नवीन काडतूस आत गेलं, आणि हात पुन्हा वर आले.

"हाल्ट!" मी ओरडले. मग मराठीत, "थांबा!"

मराठी कुठून आलं माहीत नाही. काकू थांबल्या. बोट ट्रिगरवरून निघालं. पिस्तूल समोर रोखलेलंच ठेवून त्यांनी मान वळवली. त्या चिडल्या होत्या. "काय झालं? अडकली होती, काढली मी."

"आवाज बरोबर नव्हता. मागची गोळी बाहेर गेली नसेल."

"चाळीस वर्षं मी हे करतेय."

"मग मला दोन मिनिटं द्या."

त्यांनी मॅगझिन काढलं, काडतूस बाहेर काढलं, पिस्तूल टेबलावर ठेवून उघडलं आणि नळी वेगळी केली. मी नळीतून दिव्याकडे पाहिलं. उजेड दिसायला हवा होता, तो दिसला नाही. गोळी मधोमध अडकून बसली होती. त्या काडतुसात दारूच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी निम्म्यापर्यंत गेली होती. तिच्यामागून दुसरी सुटली असती तर नळी फाटली असती, काकूंच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनीही आत पाहिलं. मग नळी डोळ्यापासून थोडी बाजूला नेली आणि कडेने पाहिलं, कोंबडी दाण्याकडे पाहते तशी. "आल्झो," म्हणजे 'असं आहे तर', एवढंच म्हणून त्या मागच्या खुर्चीत बसल्या. मी सगळ्यांचं शूटिंग बंद करायला सांगितलं.

दुपारी आम्ही दोघी तळघरात गेलो. त्या काडतुसाबरोबर एकाच वेळी भरलेली बाकीची सगळी परत खोलायची असं काकूंनी ठरवलं होतं. त्यासाठी प्लास्टिकची एक हातोडी असते. काडतूस तिच्या डोक्यात बसवायचं आणि लाकडावर आपटायचं. गोळी सुटते, दारू बाहेर येते. हातोडी काकूंनी चालवली, कायद्याप्रमाणे. मी समोर बसून बघत होते.

ठक. दारू पांढऱ्या बशीत. तराजूवर बरोबर. पुढचं. ठक. बरोबर. बराच वेळ सगळी बरोबरच निघाली, आणि मला वाटायला लागलं की एखादंच चुकलं असेल. मग एका काडतुसातून बशीत मोठा ढीग पडला. तराजूवर ठेवायची गरजच नव्हती. दुप्पट होती.

काकूंनी बशी जवळ ओढली. "हे जास्त आहे?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, त्या स्वतःशीच बोलतायत. मग लक्षात आलं, त्या मला खरंच विचारत होत्या. त्यांना ते दिसत नव्हतं.

"दुप्पट आहे, काकू," मी म्हणाले. पहिल्यांदाच तोंडावर काकू म्हटलं.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. पुंगळ्यांत दारू घातल्यावर साऱ्या एका फळीत उभ्या करून काकू वरून बॅटरी मारून बघत असत, सगळ्यांची पातळी सारखी आहे ना ते. तीच त्यांची खात्री. आता त्या म्हणाल्या, "हिवाळ्यापासून मधोमध एक डाग दिसतो. जिथे बघते तिथेच. मला वाटलं चष्मा बदलायला हवा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "नाही. मला असं वाटून घ्यायचं होतं."

मी बशीतली दारू तशीच राहू दिली, उठून वर गेले, कॉफी टाकली. स्वयंपाकघरात एकटी उभी असताना मला रडू आलं. कॉफी घेऊन खाली आले तेव्हा काकू उरलेली काडतुसं फोडत होत्या. "बस इथे," त्या म्हणाल्या. "हात माझे, डोळे तुझे. संपवून टाकू."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पडद्याच्या मधल्या भागाचा आजार होता. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागली. गाडीत परतताना मी सारखी काळजीने बघत होते, तर त्या म्हणाल्या, "रस्त्याकडे बघ. आपल्या दोघींत धड बघू शकणारी तूच आहेस." इंजेक्शनांनी डाग वाढायचा थांबला, गेला नाही. काकूंनी काडतुसं भरायचा परवाना स्वतःहून परत केला. ऑफिसातल्या माणसाने अजून मुदत बाकी आहे असं सांगितलं, तर म्हणाल्या, "मुदत कागदाची बाकी आहे."

प्रेस त्या मला द्यायला निघाल्या. मी आधी परवान्याचा कोर्स करते म्हटलं. त्या कोर्सला बसण्याआधीही सरकारकडून एक दाखला लागतो. त्याचं जर्मन नाव पोस्टाच्या पाकिटावर एका ओळीत मावत नाही. अर्थ इतकाच, की या व्यक्तीबद्दल शंका घेण्याजोगं काही नाही. नवऱ्याने तो वाचला आणि म्हणाला, "हा लग्नाआधी मागायला हवा होता."

आता परवाना आलाय आणि काडतुसं मी भरते, काकूंच्या तळघरातल्या त्याच टेबलावर, माझ्या पिस्तुलापुरती. काकू शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि दर थोड्या वेळाने विचारतात, "बॅटरी मारलीस?" मारलेली असते. तरी मी पुन्हा मारते.

शनिवारी रेंजवर त्या दुकानातली काडतुसं वापरतात आणि धक्का जास्त बसतो म्हणून कुरकुरतात. समोरचं वर्तुळ त्यांना धूसर दिसतं, स्वतः मारलेलं छिद्र मुळीच दिसत नाही. मी मागे दुर्बीण लावून बसते आणि किती गुण, गोळी कुठे लागली ते सांगते.

"आठ. डावीकडे, खाली."

"डावीकडे? शक्यच नाही."

"डावीकडेच, काकू."

"मग तुझी दुर्बीण वाकडी आहे," असं म्हणून त्या पुढचा नेम धरतात, किंचित उजवीकडे.