आधी हालिनाताई खायची

हालिनाताई गेली हे तिच्या मुलानं, सुभाषनं, फोनवर सांगितलं. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, ‘‘काय खाल्लं होतं तिनं?’’  तो म्हणाला, ‘‘मावशी, झोपेत गेली. वय झालं होतं तिचं.’’ त्याला राग आला असणार. आई गेल्याचं सांगतोय आणि ही म्हातारी जेवणाचं विचारतेय! पण मला ते ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं. गेली, पण तशी नाही गेली... एवढी वर्षं मी ज्याला भीत होते ते झालं नाही.

माझे यजमान फौजेत होते. आम्ही दिल्लीला कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहायचो. एकदा मुनिरक्याच्या बाजारात एक गोरी बाई भाजीवाल्याशी हिंदीत भांडत होती. मधेच ती स्वतःशी बोलली, ‘‘कोबीचा गड्डा हाय का सोन्याची वीट?’’ मी बघतच राहिले. गोऱ्या तोंडातून कोल्हापूरची भाषा! मोठ्या लढाईत पोलंडातल्या बायकामुलांना रशियात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून ती माणसं हाल सोसत कोल्हापूरजवळच्या छावणीत आली, त्यातली ही. बाकीची पुढे निघून गेली. हिनं तिथल्याच मोहित्यांशी लग्न केलं आणि त्यांना केंद्र सरकारात नोकरी लागल्यावर दिल्लीला आली. मुनिरक्यात खालच्या खोलीत तिनं दुकान काढलं. बरणीत आंबवलेला कोबी, बिटाचं आंबट सार, खसखस भरून गुंडाळलेला गोड पाव, आणि पिरोगी, म्हणजे आपली करंजीच, पण तिखटमिठाची आणि उकडलेली. गल्लीतले लोक त्याला ‘मेम की दुकान’ म्हणायचे. एरवी गिऱ्हाईक बेताचं, पण नाताळ आला की रांग लागायची. एम्बसीतली माणसं, शिकायला आलेल्या परदेशी मुली, इथं लग्न करून राहिलेल्या बायका.

मी त्या दिवसांत मदतीला जायची. मला एक गोष्ट खटकायची. दुकान उघडण्याआधी ही प्रत्येक पातेल्यातलं वाटीभर स्वतः खायची. चाखायची नव्हे, खायची. मी तोंडावर म्हटलं, ‘‘ताई, तू भारी खादाड आहेस गं.’’ ती हसली, ‘‘व्हय की. फुकटचं कोण सोडतंय?’’ आणि वाटी चाटूनपुसून ठेवली.

त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी वाळवलेल्या अळंब्यांचं सूप लागतंच. त्याशिवाय तो सणच नाही. अळंब्या दरवर्षी पोलंडहून कुणाबरोबर तरी यायच्या. एका वर्षी नाताळाच्या तोंडावर तिकडे लष्करानं सत्ता हातात घेतली. पार्सलं बंद, टपाल बंद, फोन लागेनात. दुकानात येणाऱ्या बायका रडून जायच्या. अशात हालिनाताईनं बाजारात एका पहाडी माणसाकडून दोऱ्यात ओवलेल्या सुक्या अळंब्यांची माळ घेतली. मला दाखवली तेव्हा मी हात मागे घेतला. आम्ही खेड्यातली माणसं. अळंबी ओली असताना ओळखता येते, तीही सगळ्यांना नाही. वाळली की चांगली आणि विखारी सारखीच दिसते. मी म्हटलं, ‘‘फेकून दे.’’ ती माळ नाकाशी धरून म्हणाली, ‘‘वास आमच्या जंगलाचा हाय.’’

सणाच्या दिवशी मी सकाळी गेले तेव्हा दार आतून बंद होतं. तिनं मला आत घेतलं आणि पुन्हा कडी लावली. शेगडीवर मोठं पातेलं, शेजारी रिकामी वाटी. म्हणाली, ‘‘इंदे, मी सूप खाल्लंय. आता दिवसभर तू हितं बस. मला काय झालं तर हे सगळं गटारात ओत. कुणी कितीबी मागू दे, देऊ नको.’’

मी ओरडले, ‘‘बाई, कुत्र्याला घालून बघायचं होतंस!’’

‘‘कुत्र्यानं काय पाप केलंय?’’

‘‘भाऊजींना सांगितलंस?’’

‘‘हापिसात गेलेत. सांगितलं असतं तर आधीच डॉक्टर आणून बसवला असता.’’

‘‘मग करूच नको ना सूप! एक वर्ष नाही खाल्लं तर मरतील का?’’

ती पिरोगीच्या कडा दाबत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘घरची माणसं जिवंत हायत का, हेबी त्यांस्नी ठाऊक न्हाई. निदान घरचं सूप तरी...’’

मी फौजीची बायको. लढाईत तार येईल म्हणून दाराकडे बघत दिवस काढलेत. पण तेव्हा मरण लांब सरहद्दीवर होतं. इथं ते माझ्यासमोर पाटावर बसून पीठ मळत होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ पांढरे पडले का, कपाळाला घाम आला का. ती मोरीत गेली की मी दाराबाहेर उभी राहून हाका मारायची. बाहेर गिऱ्हाइकं जमू लागली. काचेला नाक लावून मुली बघायच्या. मी हातानं खुणा करायची, ‘‘अभी नहीं, बाद में.’’

दुपार कलली आणि ती पोट धरून भिंतीला टेकली. चेहरा राखेसारखा झाला होता. मी चप्पल घातली, रिक्षा आणायला निघाले. तिनं माझा पदर धरला. ‘‘पित्त हाय. सकाळपास्नं दुसरं काय खाल्लं न्हाई.’’ तिला आंबट ढेकर आली. तरी मी चप्पल काढली नाही. मी विचारलं, ‘‘तुला एवढं कळतं, मग ही जिवावरची परीक्षा कशाला?’’ तिनं पदर सोडला. मग म्हणाली, ‘‘रशियात आमच्या बराकीत एका बाईनं अशाच खाल्ल्या हुत्या. पोरांस्नीबी घातल्या. भूक हुती.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय... आमाला झोपाय जागा झाली.’’

त्यानंतर मी तिला खादाड म्हटलं नाही.

आपली संकष्ट चतुर्थी चंद्रावर सुटते, त्यांचा त्या दिवसाचा उपास पहिल्या चांदणीवर. पण दिल्लीच्या डिसेंबरात कसली चांदणी! संध्याकाळी धुकं असं उतरलं की समोरचा खांबही दिसेना. मी खिडकीतून बघून सांगितलं, ‘‘काही दिसत नाही.’’ ती पाटावरून उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, ‘‘मी हुबी हाय नव्हं? मग उगवली समज. उघड दार.’’ सूप घटकेत संपलं. एक मुलगी कोपऱ्यात उभी राहून खाता खाता हमसून रडत होती. मला वाटी दिली, ती मी खाली ठेवली. माझ्यानं खाववलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस पकडून मी ती जिवंत आहे का बघून आले.

पुढे पार्सलं यायला लागली. तरी तिनं खायची रीत मोडली नाही आणि माझी भीतीही गेली नाही. दर नाताळात तिच्या तोंडाकडे बघत बसायची आणि मग माझी वाटी उचलायची. यजमान रिटायर झाल्यावर आम्ही गाझियाबादला गेलो, तिथूनही मी यायची.

यंदा ती गेल्यावर दीड महिन्यानं नाताळ आला. दुकान सुभाषची बायको, नीलम, चालवते. दिल्लीत वाढलेली, चटपटीत पोर आहे. मी आदल्या दिवशी सकाळी गेले तेव्हा सूप तयार होतं, रांग लागली होती आणि ती पळी भरून पहिल्या बाईच्या डब्यात ओतणार होती. मी म्हटलं, ‘‘तू खाल्लंस?’’

‘‘मावशी, आज मार्गशीर्षातला गुरुवार आहे, माझा उपास. आणि सगळं पॅक्ड आलंय, बिल्कुल फ्रेश. टेन्शन नका घेऊ.’’

अळंब्यांचं पाकीट मी पाहिलं. त्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. मी तिच्या हातातली पळी घेतली, वाटी भरली आणि उभ्यानं खाल्ली.  ताईच्या तोंडाकडे बघायची सवय, पण आता बघायचं कुणाकडे? शेवटचा घोट गिळला, पहिल्या बाईला बाहेर रांगेत पाठवलं, दाराला आतून कडी घातली आणि स्टूल ओढून बसले.

‘‘मावशी, लोग खड़े हैं,’’ नीलम म्हणाली. ‘‘किती वेळ?’’

मी म्हटलं, ‘‘दिवे लागू देत.’’